चिखलवाटेने दगडी पुलापर्यंत: गुडघ्याएवढ्या गमबुटांविषयी

जुन्या दगडी पुलाकडे जाणारी पायवाट कोरडी असते तेव्हा तिच्यावर कोणताही बूट निभावून जातो. म्हणून गुडघ्यापर्यंत येणारे रबरी गमबूट विकत घेतल्यावर मी त्यांच्याविषयी लगेच काही लिहिले नाही; ओल्या ऋतूत एकाच वाटेने, एकाच पुलापर्यंत चार वेळा जाऊन आले आणि मगच हा अभिप्राय लिहायला बसले. बूट कोणी बनवले त्याचे नाव मी देत नाही, कारण त्यांत जे गुण आणि जे दोष मला आढळले ते एका कारखान्याचे नसून या जातीच्या जवळपास सर्वच बुटांचे आहेत, आणि वाचणाऱ्याला उपयोग व्हायचा तो त्या जातीची ओळख पटल्यानेच होईल.

वाट एका बाजूने चार किलोमीटरांची आहे. आधी शेताच्या बांधाकडेने उतरणारी चिकणमातीची पट्टी, मग गुरांच्या कुरणाचे लाकडी फाटक, त्यानंतर नदीकाठची सखल, पाणथळ जमीन आणि शेवटी तीन कमानींचा दगडी पूल. अंतर फार नाही. परंतु या चार किलोमीटरांत पायाखालची जमीन इतक्या वेळा स्वभाव बदलते की एका टप्प्यावर ज्या बुटाला डोक्यावर घ्यावेसे वाटते, त्यालाच पुढच्या टप्प्यावर काढून फेकावेसे वाटते. माझे शेवटचे मत या बदलांतूनच तयार झाले आहे, त्यामुळे ते वाटेच्या क्रमानेच सांगणे बरे.

आधी वस्तूविषयी. हे बूट नैसर्गिक रबराचे आहेत आणि आतून त्यांना सुती अस्तर आहे. अशा बुटांत रबराचे कापलेले तुकडे लाकडी किंवा धातूच्या पायसाच्यावर एकावर एक चढवून जोडतात आणि नंतर संपूर्ण बूट उष्णतेने व दाबाने पक्का करतात. साच्यात प्लॅस्टिकचा रस ओतून बनवलेल्या स्वस्त प्रकाराहून हे वेगळे असतात. फरक हातात घेताच कळतो. प्लॅस्टिकचा बूट थंडीत कडक होतो आणि घोट्याशी घडी पडते तिथेच पुढे तडकतो, तर रबराचा बूट गार हवेतही वाकतो आणि पावलाबरोबर थोडेफार वळण घेतो. एका जोडीचे वजन मात्र दोन किलोच्या आसपास भरते, आणि पायात घातलेले वजन पाठीवर घेतलेल्या तेवढ्याच वजनाच्या कितीतरी पट दमवते, ही गोष्ट दुकानात उभ्या उभ्या पाय घालून पाहताना कोणाच्याही ध्यानात येत नाही.

ध्यानात येत नाही, कारण उभे राहण्यासाठी हा बूट खरोखरच उत्तम आहे. तो जन्माला आलाच त्यासाठी, असे त्याचा इतिहास पाहिल्यावर म्हणावेसे वाटते. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात ठिसूळ, त्यामुळे त्याच्या पादत्राणांचा कोणी भरवसा धरत नसे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर तापवलेले रबर टिकाऊ आणि लवचीक होते हे आढळले, १८४४ साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले, आणि त्यानंतर हायरम हचिन्सन या अमेरिकी उद्योजकाने १८५३ साली फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. त्याचे गिऱ्हाईक होते लाकडी खडावा घालून ओल्या शेतात दिवसभर राबणारे शेतकरी. पुढे पहिल्या महायुद्धात पाणी भरलेल्या खंदकांत उभ्या असलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने अशा बुटांचे दहा लाखांहून अधिक जोड बनवले, कारण दिवसचे दिवस ओले राहून सैनिकांचे पाय अक्षरशः सडत होते. शेतकरी असो वा सैनिक, दोघांची गरज चिखलात पाय रोवून राहण्याची होती; मैलोन्‌मैल चालण्याची नव्हती. ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीच्या नावाने इंग्रजीत हा बूट ओळखला जातो, त्याचा मूळचा बूट तर कातड्याचा होता आणि घोडेस्वारीच्या सोयीचा होता. चालणाऱ्याचा विचार या सगळ्या वंशावळीत कुठेच नाही.

त्याचा प्रत्यय पहिल्याच उतारावर येतो. बांधाकडेची ती पट्टी वरून दोन बोटे भिजलेली आणि खाली कडक असते, आणि अशी जमीन पूर्ण भिजलेल्या जमिनीपेक्षा अधिक दगा देते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक आणि चपटा असतो. अशा कणांमध्ये पाणी शिरले की ते पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात, आणि त्यांच्यावर ठेवलेले पाऊलही त्यांच्याबरोबर जाते. इथे बुटाने वरचा निसरडा थर फोडून खालच्या कडक थरात दात रोवायला हवेत. माझ्या गमबुटांच्या तळाचे दात उथळ आहेत आणि एकमेकांच्या फार जवळ आहेत, त्यामुळे शंभरेक पावलांतच त्यांच्यामधल्या खाचा मातीने लिंपल्या जातात आणि तळ सपाट होतो. मग आपण बुटावर चालत नसून मातीच्या दोन ढेकळांवर चालत असतो. पहिल्या खेपेस मी याच उतारावर बसले. पडले असे लिहायला हवे, पण खाली जाण्याची गती इतकी संथ होती की बसले हाच शब्द योग्य वाटतो.

डोंगर चढणाऱ्यांच्या बुटांचा तळ याहून वेगळा का असतो, हे इथे कळते. १९३५ साली आल्प्समध्ये आपले सहा सोबती गमावल्यावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने, पादत्राणे त्या परिस्थितीला अपुरी होती हे ओळखून, खोल दातांच्या रबरी तळाचा ध्यास घेतला आणि १९३७ साली तो तळ बाजारात आणला. त्याच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरे जोडून झालेला ‘व्हिब्रम’ हा शब्द आजही कितीतरी बुटांच्या तळाशी पिवळ्या खुणेत दिसतो. खोल दात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा, म्हणजे पाऊल वाकताच माती आपोआप गळून पडते, एवढाच त्यामागचा साधा विचार आहे. गमबूट घेताना तळ उलटा करून पाहावा आणि दोन दातांच्या मधे आपले बोट सहज जाते का ते तपासावे. मी ते केले नाही, रंग पाहिला.

फाटकाशी मात्र या बुटांनी माझे मत बदलायला लावले. कुरणाच्या फाटकापाशी सगळी गुरे दिवसातून दोनदा एकाच जागेवरून जातात, त्यामुळे तिथली जमीन खुरांनी कालवली जाऊन तिचा जाडसर राडा होतो, आणि वाटेवरचा सर्वांत खोल चिखल नदीकाठी नसून इथे असतो. साधे बूट घातलेला माणूस या ठिकाणी कडेकडेने, तारेला धरून, कोरडी ढेकळे शोधत जातो, आणि प्रत्येकाने तसेच केल्यामुळे दर वर्षी तो राडा दोन्ही बाजूंना पसरत जातो. पायवाट वाचवायची असेल तर चिखलाच्या मधूनच जायला हवे, असे पायवाटांची देखभाल करणारे लोक सांगतात, आणि गमबूट घातले असतील तर ते सहज जमते. राडा पोटरीपर्यंत आला तरी आतला मोजा कोरडाच राहिला. या एका जागेसाठी मी बुटांना पूर्ण गुण देते.

पूर्ण गुण आत राहण्याचे; बाहेर निघण्याचे नव्हेत. खोल चिखलातून पाऊल उचलताना तळाखाली पोकळी होऊ पाहते, त्या पोकळीत हवा शिरायला वाट नसते, आणि वरून वातावरणाचा दाब बुटाला खाली धरून ठेवतो. हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो वजनाइतका असतो. बुटाचा तळ दोनशे चौरस सेंटीमीटरांच्या घरात असतो, हे लक्षात घेतले तर चिखल पूर्ण हवाबंद असता तर पाय निघालाच नसता. प्रत्यक्षात थोडे पाणी आणि थोडी हवा कडेने झिरपते म्हणून सुटका होते. परंतु बुटाला नाडी नाही, घोट्याला आवळणारे काही नाही, त्यामुळे जोर लावला की बूट जागेवर राहतो आणि पाय वर येतो. मोज्याने एका पायावर उभे राहून रिकामा बूट उपसण्याचा प्रसंग माझ्यावर दोन वेळा आला. त्यावरची युक्ती अशी की पाय सरळ वर ओढू नये. बोटे बुटाच्या पुढच्या भागात ताणून धरावीत, टाच आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवावी, कडेने हवा आत शिरल्याचा ‘पचक’ असा आवाज आला की मग टाच आधी आणि चवडा नंतर, असे पाऊल सोडवावे. चिकणमाती हलवली की थोडा वेळ सैल होते आणि स्वस्थ सोडली की पुन्हा घट्ट होते, त्यामुळे मधे थांबून विचार करणे हे इथे सर्वांत महागात पडते.

मापाविषयी एक तक्रार इथेच नोंदवते. बायकांसाठी म्हणून विकले जाणारे पुष्कळ गमबूट हे पुरुषांच्याच साच्याचे लहान माप वाटावे असे असतात. पोटरीशी घट्ट आणि टाचेशी सैल. चिखलात बूट मागे राहण्याचे अर्धे कारण ही सैल टाचच आहे. मी आत लोकरीची जाड गादी घातली आणि दोन मोजे चढवले, त्याने काम भागले. बूट घेताना जाड मोजे घालूनच माप पाहावे आणि टाच धरून बूट खाली ओढायला दुकानातल्या माणसाला सांगावे. सहज निघाला तर तो चिखलातही सहज निघेल.

पाणथळ जमिनीचा टप्पा बुटांनी न कुरकुरता पार केला आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पूल मात्र दूरवरून दिसू लागतो तेव्हाच त्याची पाठ किती उंच आहे हे लक्षात येते. जुन्या दगडी पुलांची ही कुबड हौसेची नसते. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असावीच लागते, त्यामुळे कमान जितकी रुंद तितका पूल मधोमध उंच, आणि दोन्ही बाजूंचे उतार तितके तीव्र. चीनमध्ये ली चुन याने सातव्या शतकाच्या आरंभी बांधलेला आन्जी पूल हा याला मोठा अपवाद आहे: त्याची कमान सुमारे ३७ मीटर रुंद असूनही तिची उंची जेमतेम सात मीटरांवर आहे, कारण ती अर्धे वर्तुळ नसून वर्तुळाचा एक उथळ तुकडा आहे. अर्धवर्तुळ काढले असते तर पुलाला अठरा मीटर वर चढावे लागले असते. आमच्या पुलाच्या गवंड्याने एवढे धाडस केले नाही. त्याने तीन अर्धवर्तुळे काढली, मधले सर्वांत मोठे ठेवले, आणि वर घडीव चिरे बसवले. तीन-चारशे पावसाळे आणि असंख्य गाड्यांची चाके यांनी ते चिरे आता तुकतुकीत झाले आहेत.

ओल्या, शेवाळलेल्या, उतरत्या दगडावर हे गमबूट धोकादायक आहेत, आणि हे वाक्य मी सौम्य करणार नाही. तळाचे रबर टिकावे म्हणून ते कडक ठेवलेले असते. कडक रबर दगडाच्या बारीक खाचखळग्यांत दबून बसत नाही, आणि मधे पाण्याचा व शेवाळाचा थर असला की दोघांची गाठच पडत नाही. त्यातून खाचांत कुरणातला राडा भरलेला. पुलाच्या पलीकडच्या उतारावर मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी, खेकड्यासारखी उतरले. हा दोष एकट्या बुटाचा नाही, हेही मान्य करायला हवे. बोस्नियातील मोस्तार येथील नेरेत्वा नदीवरच्या १५६६ सालच्या पुलावर चढ इतका उभा आहे की बांधणाऱ्यांनी पायांना अडण करण्यासाठी वाटेवर आडव्या उंच दगडी पट्ट्याच घातल्या. तो पूल १९९३ साली युद्धात पाडला गेला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्या पट्ट्याही पुन्हा बसवल्या गेल्या. ज्या पुलाला असा आधार नाही तिथे बुटानेच तो द्यायचा असतो, आणि हा बूट देत नाही.

एवढे सगळे लिहून झाल्यावर कोणीही विचारील की मग चारही वेळा तेच बूट बरोबर नेण्याचे कारण काय. कारण पुलाखाली आहे.

दगडी पूल वरून पाहणाऱ्याला फारच थोडा दिसतो. वरून दिसतात ते कठडे, तुकतुकीत चिरे, आणि खांबांच्या माथ्यावर कठड्यात काढलेले कोनाडे, जिथे पूर्वी गाडी आली की पायी चालणारा सरकून उभा राहत असे. बांधकामाची खरी हकीकत मात्र कमानीच्या पोटाशी असते, आणि तिथे जायचे तर नदीच्या उथळ पाण्यात, गोट्यांवर, गाळात उभे राहावे लागते. डोंगरी बूट इथे घोट्याशीच हार मानतात. उघडे पाय घालायचे तर गार पाण्याने आणि गाळातल्या फुटक्या काचांनी पाच मिनिटांत बाहेर यावे लागते. गमबुटांत मात्र मी पहिल्या कमानीखाली अर्धा तास उभी राहिले, मान वर करून, निवांत. उभे राहण्यासाठीच बनवलेला बूट शेवटी उभे राहण्याच्या जागी पोहोचला होता.

आणि काय दिसले ते सांगितल्याशिवाय बुटाची बाजू पूर्ण होणार नाही. कमान जिथून सुरू होते तिथे दोन्ही खांबांच्या अंगातून काही दगड मुद्दाम बाहेर काढलेले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. कमान रचताना तिचा प्रत्येक दगड लाकडी सांगाड्यावर टेकवावा लागतो, कारण माथ्याचा कळीचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही, आणि त्या सांगाड्याचे ओझे याच दगडांनी पेलले होते. काम संपल्यावर लाकूड गेले, दगड राहिले. काही चिऱ्यांवर बाण, फुली, दोन छेदणाऱ्या रेघा अशा छिन्नीच्या खुणा आहेत; पाथरवट आपापल्या कामाची ओळख पटावी आणि मजुरी मोजता यावी म्हणून अशा खुणा करीत असत. पुलाच्या वरच्या अंगाला, पाणी येते त्या बाजूला, खांबाला नावेच्या नाळेसारखे टोक काढलेले आहे, म्हणजे प्रवाह दुभंगून जावा आणि वाहून आलेली झाडे अडकू नयेत.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र मला तिसऱ्या खेपेस दिसली. कमानीच्या पोटात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक सरळ उभी फट जाते, आणि तिच्या दोन बाजूंचे दगड वेगळे आहेत: एका बाजूला ओबडधोबड, लहान, जाड चुन्यात बसवलेले, दुसऱ्या बाजूला मोठे, घासून नेमके केलेले, सांध्यात सुरीचे पाते जाणार नाही असे. वरून एक दिसणारा पूल खालून दोन निघाला. माणसे आणि ओझ्याची जनावरे जातील एवढ्या अरुंद पुलाला पुढे गाड्यांची गरज पडल्यावर शेजारी दुसरी कमान जोडून रुंद करणे, ही जुन्या पुलांच्या बाबतीत ठिकठिकाणी झालेली गोष्ट आहे. पण वाहतुकीच्या पृष्ठभागाने आणि कठड्याने ती झाकली जाते, आणि वर्षानुवर्षे त्या पुलावरून जाणाऱ्यालाही तिचा पत्ता लागत नाही. मलाही तो या बुटांशिवाय लागला नसता.

ज्यांना असेच खाली उतरून पाहायचे असेल त्यांनी माझी दुसरी खेपही वाचावी. खांबाच्या टोकदार बाजूला हात लावून पाहावा म्हणून मी दोन पावले पुढे टाकली आणि तिसरे पाऊल गुडघ्याच्या वर गेले. नदी दोन खांबांच्या मधून जाताना अरुंद होते, त्यामुळे तिचा वेग वाढतो, आणि खांबाच्या पायथ्याशी फिरणारे पाणी तिथली वाळू आणि गोटे उकरून नेते. दगडी पूल कोसळतात ते बहुधा या उकरण्यानेच, वरच्या ओझ्याने नव्हे. म्हणजे उथळ नदीतही खांबाच्या नाकाशी खळगा असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी तिथेच गेले. बूट क्षणात भरला. लिटर-दोन लिटर पाणी भरलेला बूट वाहत्या पाण्यात उचलणे फार जड जाते, आणि गमबूट चटकन काढताही येत नाही, कारण ओला मोजा आतून घट्ट चिकटतो. काठीचा आधार होता म्हणून सरळ काठाला आले, गवतावर बसले, पाय वर करून पाणी ओतले, आणि पुढचे चार किलोमीटर पचपच करीत घरी गेले. पाणी पोटरीच्या मध्यापर्यंतच येऊ द्यावे, काठीने पुढची जमीन चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि नदी गढूळ झाली असेल किंवा वरच्या अंगाला पाऊस दिसत असेल तर खाली उतरूच नये. बुटाची उंची हा परवाना नव्हे.

परतीच्या वाटेवर त्यांचा राहिलेला दोष उघडा पडतो. रबरातून पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही, त्यामुळे दोन तासांच्या चालीनंतर, बाहेरचा एक थेंबही आत न येता, मोजे दमट होतात. सुती मोजा हा दमटपणा धरून ठेवतो आणि टाचेला फोड येतो. लोकरीचा मोजा ओला होऊनही पायाला गार लागत नाही. काही कंपन्या आतून रबरासारख्याच मऊ फेसाचे अस्तर देतात, ते थंडीत सुखाचे असते आणि चालताना अधिक घाम आणते. चाल छोटी आणि पाण्यात उभे राहणे मोठे असेल तर ते घ्यावे. माझ्या वाटेला ते नको.

टिकाऊपणाबद्दल आतापर्यंत तक्रार नाही. घरी आल्यावर साध्या पाण्याने माती धुवावी, विशेषतः घोट्याच्या घडीतली, कारण तिथे राहिलेली वाळू प्रत्येक पावलाला रबर घासते. आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. चुलीशी, हिटरशी किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, कारण ऊन आणि हवेतला ओझोन रबराला बारीक तडे पाडतात. तेलाचा आणि पेट्रोलचा स्पर्श होऊ देऊ नये, त्याने नैसर्गिक रबर फुगते. काही आठवड्यांनी बुटांवर पांढुरकी साय धरली तेव्हा मी माल खराब निघाला असे समजून परत करायला निघाले होते. ती रबरात मिसळलेली द्रव्ये पृष्ठभागावर येऊन बसल्याची खूण असते आणि नैसर्गिक रबराच्या बुटांवर ती येतेच. ओल्या फडक्याने पुसली की जाते.

बूट काढण्यासाठी पाचरीसारखी खाच असलेली लाकडी फळी मिळते, ती जोडीबरोबरच घ्यावी. टाच खाचेत अडकवून पाय ओढला की दोन्ही हात स्वच्छ राहतात आणि दुसऱ्या माणसाची मदत लागत नाही. तिच्याशिवाय मी एकदा दाराशी बराच वेळ भिंतीला टेकून, एका पायावर, एकटीच झुंजत होते.

तेव्हा चालण्याचा बूट म्हणून मी या गमबुटांची शिफारस करणार नाही. आठ किलोमीटरांच्या जाण्यायेण्यासाठी, उतारासाठी आणि ओल्या दगडासाठी खोल दातांचे, नाडीचे बूट हवेत, आणि फाटकाशी ते मळले तर मळू द्यावेत. परंतु ज्याला पूल नुसता ओलांडायचा नसून पाहायचा आहे त्याने गमबूट बरोबर न्यावेत, आणि नेण्याची रीतही मला चौथ्या खेपेस सापडली: त्यांची तोंडे दोरीने एकत्र बांधून ते पिशवीला बाहेरून अडकवले, वाटभर चालीचे बूट घातले, पुलावरच्या कठड्याच्या कोनाड्यात बसून पायातले बूट बदलले, आणि तिथून काठाने खाली उतरले. दोन किलोचे ओझे पाठीवर जवळजवळ जाणवले नाही. कोनाड्याचा दगड बसण्याइतक्या उंचीचा आहे, वाऱ्याला आडोसा आहे, आणि काढलेले बूट ठेवायलाही जागा आहे.

पहिल्या दोन कमानी आता मी पोटापासून पाहिल्या आहेत. तिसरीखाली डोह आहे. काठी तळाला लागली तेव्हा पाण्याची रेघ काठीवर माझ्या कमरेपर्यंत आली होती. जोडाची ती फट तिथेही जाते का, हे या बुटांनी कळणार नाही.